वाचकांचे प्रश्न: ४५-७० आणि ३५० लेजंडला कुठली क्रिंप डाय?

प्रश्न: नमस्कार सर, मी ऐरोलीला राहतो, रबाळे एमआयडीसीत टूल रूमला होतो, आता रिटायर. मुलगा ओहायोत असतो, तिकडे हरणाच्या सीझनला लायसन्स काढून मित्रांबरोबर शिकारीला जातो आणि काडतुसं घरीच रीलोड करतो, म्हणजे वापरलेल्या केसेस (काडतुसाची पितळी कवचं) परत भरतो. दोन रायफली आहेत, एक ४५-७० काडतुसाची लिव्हर ॲक्शन (खालचा दांडा ओढून पुढचं काडतूस भरायची), दुसरी ३५० लेजंड काडतुसाची बोल्ट ॲक्शन (बोल्ट हाताने मागेपुढे करायची). रीलोडिंग सेटमधल्या सीटिंग डायनेच बुलेट बसवणं आणि क्रिंप (केसचं तोंड बुलेटभोवती आवळणं) एकदम करतो, तर काही काडतुसं चेंबरमध्ये (बॅरलमध्ये काडतूस बसतं त्या जागेत) अडकतात, काही मस्त जातात. वेगळी क्रिंप डाय घ्यायची म्हणतोय पण रोल, टेपर की कोलेटवाली, आणि दोन्हीला एकाच प्रकारची चालेल का? मी पुढच्या महिन्यात जातोय, इथेच लेथवर बनवून नेऊ का?

उत्तर: काका, दोन्हीला एकच प्रकार नाही चालणार, आणि याचं कारण तुम्हाला लगेच पटेल कारण शेवटी हा सगळा टॉलरन्सचाच विषय आहे. काडतूस चेंबरमध्ये जाऊन नेमकं कशावर टेकतं ते आधी बघायचं. ४५-७० जुनं, १८७३ चं, अमेरिकन आर्मीसाठी आलेलं, त्याच्या बुडाला बाहेर आलेली रिम आहे आणि ते त्या रिमवर टेकतं, म्हणजे तोंडाशी कड आत वळवली तरी टेकण्याच्या जागेला काही होत नाही. ३५० लेजंड विंचेस्टरने २०१९ मध्ये आणलं, त्याला बाहेर आलेली रिम नाही की बाटलीसारखा खांदा नाही, ते थेट केसच्या तोंडाच्या कडेवर टेकतं. ती कड रोल क्रिंपने आत वळवली की टेकायला काही उरतच नाही, केस हवी त्यापेक्षा आत जाते आणि मग फायरिंग पिनचा ठोका हलका पडून मिसफायर होऊ शकतो. म्हणून लेजंडला टेपर क्रिंपच, म्हणजे कड न वळवता तोंड फक्त बाजूने आवळायचं. तीसुद्धा फक्त बुलेट बसवण्यासाठी तोंड जे थोडं फाकवलेलं असतं ते सरळ होण्यापुरती, त्याच्या पुढे नाही.

किती सरळ झालं ते डोळ्यांनी ठरवायचं नाही, व्हर्नियर लावायचा. बुलेटचा डायमीटर अधिक केसच्या भिंतीची जाडी दोनदा, एवढं माप तोंडाशी आलं की थांबायचं, फार तर अगदी किंचित कमी.

आता ४५-७०. इथे मी रोल क्रिंपच सांगेन कारण रायफल लिव्हर ॲक्शन आहे. ट्यूब मॅगझिनमध्ये (बॅरलखालच्या नळीत) काडतुसं एकामागे एक आडवी असतात, पुढून स्प्रिंग त्यांना मागे ढकलत असते आणि प्रत्येक बाराला रिकॉइलचा धक्का बसतो, त्यात बुलेट केसमध्ये आत सरकली तर आतली जागा कमी होऊन प्रेशर वाढतं, ही गंमतीची गोष्ट नाही. (याच ट्यूबमुळे बुलेटही चपट्या नाकाची किंवा खास मऊ टोकाची लागते, टोकदार बुलेट पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (ठोका बसला की पेटणाऱ्या बुडातल्या टोपीवर) टेकून बसते.) रोल क्रिंप म्हणजे करंजीची कड मुडपतात तशी केसची कड बुलेटच्या खाचेत, कॅनेल्युअरमध्ये, वळवायची. खाच नसलेल्या बुलेटला रोल क्रिंप करूच नये. सिंगल शॉट रायफल असती तर एवढ्या क्रिंपची गरजच पडली नसती.

मग काही अडकतात ते का? माझ्या मते केसची लांबी सारखी नाहीये. ४५-७० ची जास्तीत जास्त लांबी २.१०५ इंच, बहुतेक लोक २.०९५ ला ट्रिम करतात. डाय एका जागी लॉक केलेली, आखूड केसला ती जेमतेम लागते आणि लांब केसला जोरात दाबते, मग वळायला जागा नाही म्हणून क्रिंपच्या खाली भिंत फुगते आणि तोच फुगवटा चेंबरला घासतो. त्यात बसवणं आणि क्रिंप एकाच स्ट्रोकमध्ये, म्हणजे बुलेट अजून खाली जातेय आणि कड तिला चावायला लागलीय. ही दोन कामं वेगळी केली तरी अर्धा त्रास जाईल. खात्री करायची तर पावडर आणि प्रायमर नसलेलं डमी बनवा, मार्करने काळं करा आणि चेंबरमध्ये घालून काढा, आपण टूल रूममध्ये ब्ल्यू मारून बघतो तसंच, घासल्याची जागा लगेच दिसेल.

कोलेटवाली डाय, ली कंपनीची फॅक्टरी क्रिंप ४५-७० साठी मिळते, ती वरून दाबत नाही, बाजूंनी आवळते, त्यामुळे लांबीतला थोडा फरक ती खपवून घेते. मुलगा दर वेळी ट्रिम करायला कंटाळत असेल तर हीच घ्या. नीट ट्रिम करणारा असेल तर साधी रोल क्रिंप डाय पुरते आणि मला स्वतःला तीच आवडते.

एक महत्त्वाचं, क्रिंप ही ढिल्या बुलेटवरचा इलाज नाही. पकड मुळात सायझिंगमधून (वापरलेली केस दाबून परत मापात आणणं) आणि योग्य मापाच्या एक्सपांडरमधून (केसचं तोंड आतून मापात उघडणारा दांडा) येते. जास्त आवळलं तर उलट होतं, पितळ स्प्रिंगबॅक होऊन थोडं मागे येतं पण आतलं शिसं किंवा तांबं चेपलेलंच राहतं आणि बुलेट आणखी ढिली होते. सेटिंग करताना डाय तोंडाला टेकली की पुढे एकदम अष्टमांश आटाच फिरवायचा, ७/८-१४ चा थ्रेड असतो, म्हणजे साधारण ०.२३ मिमी. मग डमीची लांबी मोजून बुलेट टेबलाच्या कडेवर अंगठ्याने जोरात दाबा आणि परत मोजा, लांबी तीच राहिली तर झालं.

लेथवर बनवून नेऊ नका. हार्डनिंग, ग्राइंडिंग, आतलं पॉलिश, एवढा खटाटोप करण्यापेक्षा तयार डाय तिकडे सहज मिळते. तुमचा व्हर्नियर मात्र न्या. आणि येताना बॅगा पुन्हा तपासा, चुकून राहिलेलं एक जिवंत काडतूस एअरपोर्टवर सापडलं तरी आर्म्स ॲक्टखाली गुन्हा दाखल होतो.

प्रश्न: मी ठाण्याहून वरळीच्या रेंजवर .२२ च्या प्रॅक्टिसला जाते. महाग पडतं म्हणून विचारते, वापरलेल्या केसेस घरी परत भरता येतात का?

उत्तर: नाही ताई. .२२ रिमफायर आहे, प्रायमरचा मसाला बुडाच्या कडेच्या आत असतो आणि पिनने ती कडच चेपते, परत भरायला जागाच उरत नाही. आणि सेंटरफायर (प्रायमर बुडाच्या मधोमध असलेलं) असतं तरी आपल्याकडे लायसन्सशिवाय काडतुसं बनवायला आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ५ ने बंदी आहे, घरी स्वतःपुरतं बनवलं तरी. खर्च कमी करायचा तर होल्ड आणि ट्रिगरची प्रॅक्टिस १० मीटर एअर रायफलवर करा, पेलेट खूप स्वस्त पडतात, आणि .२२ रेंजच्या दिवसासाठी ठेवा.