तुझ्या हातातील दोन अहवाल

माझ्या चि. विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले आणि सोबत पाठवलेले दोन्ही अहवाल मी शांतपणे, दोनदा वाचले. तू पाच पाने लिहिली आहेस. त्यांतली साडेचार पाने अल्झायमर या विस्मरणाच्या आजाराशी जोडलेल्या जनुकाच्या अहवालाविषयी आहेत, आणि एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारे 'वाईट' कोलेस्टेरॉल, १७२ आले असून बाबांची अँजिओप्लास्टी ५१व्या वर्षी झाली होती, हे तू शेवटी एका ओळीत उरकले आहेस. आईच्या आईला वयाच्या ७६व्या वर्षी विस्मरण सुरू झाले ते तू जवळून पाहिले आहेस, त्यामुळे तुझ्या भीतीचा ओघ त्या बाजूला जाणे मला समजते. तरीही मी आज जे लिहिणार आहे ते मुख्यतः त्या एका ओळीविषयी आहे, कारण बत्तिसाव्या वर्षी तुझ्या हातात खरोखर काही असेल तर ते तिथे आहे.

आधी जनुकाचा कागद बाजूला ठेवण्याइतका समजून घेऊ. एपीओई नावाचे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर असते आणि रक्तात व मेंदूत स्निग्ध पदार्थांची ने-आण करणारे २९९ अमिनो आम्लांचे (प्रथिनाच्या साखळीतल्या कड्यांचे) एक प्रथिन त्यावरून तयार होते. त्याची तीन रूपे माणसांत सर्वत्र आढळतात, दोन, तीन आणि चार अशी, आणि त्यांच्यातला फरक ११२व्या व १५८व्या जागी कोणते अमिनो आम्ल बसले आहे एवढाच असतो. चौथ्या रूपाचा आणि उतारवयात होणाऱ्या अल्झायमरचा संबंध १९९३ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात ॲलन रोझेस यांच्या गटाने दाखवला. तुझ्यात त्याची एक प्रत आहे आणि दुसरी प्रत सर्वसामान्य तिसऱ्या रूपाची आहे. युरोपीय वंशाच्या लोकांच्या अभ्यासांत एका प्रतीने धोका साधारण तिप्पट होतो असे दिसते, आणि दोन प्रती असणाऱ्यांचा धोका त्याहून पुष्कळ जास्त असतो. हरियाणातल्या बल्लभगढ येथे आणि अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात एकाच पद्धतीने केलेल्या भारत-अमेरिका अभ्यासात चौथ्या रूपाचे प्रमाण आपल्याकडे कमी आढळले, जवळपास ७ टक्के, तर तिकडे ११ टक्के. मात्र आजाराशी असलेला त्याचा संबंध दोन्हीकडे सारखाच होता. म्हणजे ही गोष्ट परक्यांची म्हणून सोडून देता येत नाही. पण 'तिप्पट' हा शब्द वाचून तू जे गृहीत धरलेस ते चूक आहे. एक प्रत असणाऱ्या बहुसंख्य लोकांना हा आजार होत नाही, आणि ज्यांना होतो त्यांच्यापैकी कितीतरी जणांत चौथे रूप मुळीच नसते. लक्षणे नसलेल्या माणसांची ही तपासणी सरसकट करावी अशी शिफारस वैद्यकीय संस्था करत नाहीत, ती याच कारणाने. तुझ्या कार्यालयाच्या आरोग्य तपासणीत ती इतर दहा तपासण्यांबरोबर झाली आणि अहवाल थेट फोनवर येऊन पडला, समजावून सांगायला कोणी नव्हते, याचा मला राग आला. अशा तपासणीआधी अर्धा तास बसून बोलणारे माणूस हवे असते.

आता रक्ताचा अहवाल. एकूण कोलेस्टेरॉल २५१, एचडीएल म्हणजे 'चांगले' कोलेस्टेरॉल ४४, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी १७५ आणि एलडीएल १७२ (या पत्रातले असे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये). एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त असते तर आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉलचा विचार लगेच करावा लागला असता. तू त्या रेषेच्या अलीकडे आहेस, पण वडिलांचा आजार पंचावन्नच्या आत सुरू झालेला असल्याने डॉक्टरांनी ती शक्यता तपासून पाहणे योग्य ठरेल. औषधाचा विषय निघण्यापूर्वी थायरॉइडची टीएसएच ही तपासणी करून घे, कारण थायरॉइड मंद असले तरी एलडीएल असेच वाढते आणि तरुण स्त्रियांत ते पुष्कळदा नजरेतून सुटते. त्याचबरोबर लायपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारख्याच पण मुख्यतः आनुवंशिकतेने ठरणाऱ्या कणाची, तपासणी करून घे. ती आयुष्यात एकदा तरी प्रत्येकाने करावी असे भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे, आणि तिचा आकडा ५०च्या आत असावा अशी अपेक्षा आहे. धोका कमी असणाऱ्यांनी एलडीएल १००च्या आत ठेवावे आणि धोका जास्त असणाऱ्यांनी ७०च्या आत, असेही त्याच सूचनांत आहे. तू कोणत्या गटात बसतेस हे डॉक्टर ठरवतील; मी आयुष्यभर जीवरसायनशास्त्र शिकवले, रोगी तपासले नाहीत, ही मर्यादा या पत्राच्या प्रत्येक ओळीला लागू आहे.

हे दोन कागद एकमेकांपासून तुटलेले नाहीत, हे तुला वर्गात नीट शिकवायचे माझ्याकडून राहून गेले असावे. चौथे रूप असणाऱ्यांचे एलडीएल सरासरीने थोडे जास्तच असते, कारण ते प्रथिन यकृताच्या कारभारातही भाग घेते. आणि २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंशविषयक आयोगाने बदलता येण्याजोग्या कारणांची यादी १४वर नेली, तेव्हा मध्यमवयातले वाढलेले एलडीएल तिच्यात नव्याने घातले. ही चौदाही कारणे दूर करता आली तर जगातल्या स्मृतिभ्रंशाच्या सुमारे ४५ टक्के घटना टाळता किंवा लांबवता येतील असा त्या आयोगाचा अंदाज आहे. ज्या आजाराला तू जनुकात शोधते आहेस त्याची एक वाट तुझ्या दुसऱ्या कागदावरून जाते, आणि त्या वाटेवर तुला काही करता येते.

तुझ्या पत्रात एक वाक्य होते की मेंदू कोलेस्टेरॉलचाच बनलेला आहे, मग ते कमी करून मी मेंदूला उपाशी ठेवणार का. हा प्रश्न मलाही छळत असे. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के असूनही शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही थोडे जास्त तिथे असते, हे अगदी खरे. पण रक्तातले एलडीएल रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ओलांडून आत जात नाही; मेंदू आपले कोलेस्टेरॉल स्वतः तयार करतो. रक्तातले एलडीएल खाली आणल्याने मेंदूचा साठा रिकामा होत नाही. मेंदूला पोसणाऱ्या रक्तवाहिन्या मात्र जास्त काळ मोकळ्या राहतात.

मी हे इतक्या आग्रहाने लिहिते आहे त्याला कारण आहे. माझे एलडीएल ५२व्या वर्षी १७८ निघाले आणि मला स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, सुरू झाली. त्याच सुमारास स्टॅटिनने स्मरणशक्ती जाते असे कुणीतरी ठामपणे सांगितले. माझ्या आईला तेव्हा अल्झायमरचे निदान होऊन तीन वर्षे झाली होती, आणि मी, विज्ञान शिकवणारी बाई, डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करून आठ महिने बसले. आकडा जिथे होता तिथे परत आला. गोंधळ किंवा विस्मरण झाल्याच्या तुरळक तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत आणि गोळी थांबवल्यावर त्या जातात, ही सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली वेष्टनावर घालायला लावली, हे खरे आहे. परंतु २० हजारांहून अधिक लोकांवर ब्रिटनमध्ये झालेल्या हृदयसंरक्षण चाचणीत पाच वर्षांनंतर गोळी घेणारे आणि न घेणारे यांच्या बुद्धीच्या चाचण्यांत फरक दिसला नाही. स्टॅटिनने अल्झायमर टळतो असेही त्या चाचणीत सिद्ध झाले नाही, आणि तसे तुला कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नकोस. एलडीएल साधारण ३९ने उतरले की हृदयविकार आणि पक्षाघाताच्या मोठ्या घटना सुमारे एकपंचमांशाने घटतात, याचा पुरावा मात्र भक्कम आहे. पक्षाघात टळला तर मेंदूचे किती रक्षण होते हे वेगळे सांगायला नको.

स्नायू दुखतील ही दुसरी भीती. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० माणसांना वर्षभर काही महिने खरी गोळी, काही महिने बिनऔषधाची गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे आलटून पालटून दिले गेले. गोळीवर जो त्रास झाला त्यातला जवळपास ९० टक्के बिनऔषधाच्या गोळीवरही झाला. तो त्रास खोटा नव्हता, फक्त त्याचे मूळ औषधात नव्हते. तरीही अंग फार दुखू लागले किंवा लघवीचा रंग गडद झाला तर वाट पाहू नकोस, लगेच डॉक्टरांना गाठ. आणि तुझ्या वयाच्या मुलीला कोणी आपणहून सांगत नाही म्हणून मी सांगते: पुढच्या काही वर्षांत मूल होऊ देण्याचा विचार असेल तर तो पहिल्याच भेटीत डॉक्टरांना बोलून दाखव, कारण गरोदरपणात स्टॅटिन बहुतेक स्त्रियांना थांबवावे लागते आणि सगळे वेळापत्रक त्याभोवती बसवावे लागते.

आहाराविषयी थोडक्यात. खाण्यापिण्यातल्या बदलाने एलडीएल बहुधा १० ते १५ टक्क्यांनी उतरते, त्यामुळे १७२चे १००च्या आत निव्वळ पथ्याने येईल अशी आशा धरू नकोस आणि नाही आले म्हणून स्वतःला दोषही देऊ नकोस. आपण कोकणातली माणसे, नारळावर वाढलेली. पण खोबरेल तेलातली सुमारे ९० टक्के स्निग्धता संपृक्त, म्हणजे एलडीएल वाढवणारी, असते, तर शेंगदाण्याच्या तेलात ती विसाच्या आत असते, म्हणून फोडणीचे तेल बदल आणि ओले खोबरे सणासुदीला राहू दे. कुळथाचे पिठले, ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी, बाजारात आली की तारली आणि बांगडा, हे सगळे आपल्याच घरातले आहे.

माझ्या आईकडे मी आता मागे वळून पाहते तेव्हा जनुकापेक्षा दुसऱ्याच गोष्टी डोळ्यांपुढे येतात. साठीनंतर तिला ऐकू कमी येऊ लागले आणि आम्ही सगळ्यांनी ते म्हातारपण म्हणून सोडून दिले. कानाचे यंत्र तिने कधी लावले नाही, घरातल्या बोलण्यातून ती हळूहळू बाजूला झाली. रक्तदाबाची गोळी ती डोके दुखले तरच घेई. पुढे दुधाच्या रतीबाचा हिशेब चुकू लागला, तोही आम्ही दूधवाल्याच्या माथी मारला. ऐकू कमी येणे हे त्या चौदा कारणांतले सर्वांत मोठ्या वाट्याचे एक आहे, हे मला ती गेल्यानंतर कळले. फिनलंडमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६० ते ७७ वयाच्या १२६० जणांपैकी अर्ध्यांना दोन वर्षे आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाब-कोलेस्टेरॉलवरची देखरेख असे सगळे एकत्र दिले, तेव्हा त्यांची बुद्धी इतरांपेक्षा चांगली टिकली, आणि चौथे रूप असणाऱ्यांनाही तो लाभ मिळाला. आईसाठी हे फार उशिरा आले. तुझ्यासाठी नाही.

आणखी एका गोष्टीला जप. तू लिहिलेस की गेल्या महिन्यात किल्ल्या दोनदा विसरल्या आणि रात्रभर झोप लागली नाही. सॅन दिएगोच्या संशोधकांनी २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्यात चौथे रूप आहे हे माहीत असलेल्या वयस्कर माणसांनी, तेच रूप असूनही ते माहीत नसलेल्यांपेक्षा, स्वतःची स्मृती वाईट ठरवली आणि एका स्मरणचाचणीत प्रत्यक्ष गुणही कमी मिळवले. जनुक दोघांतही तेच होते, फरक जाणिवेचा होता. बत्तिसाव्या वर्षी किल्ल्या विसरतात त्या अपुऱ्या झोपेने आणि कामाच्या ओझ्याने. स्मृतीची रोजनिशी ठेवणे आजपासून बंद कर.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, आईला सांगावे का. तुझी एक प्रत आई किंवा बाबा यांपैकी कुणाकडून तरी आली आहे, आणि आजीचा आजार पाहता आईचा संशय येणे साहजिक आहे. पण आजार हा जनुकाचा पुरावा नसतो, आणि तू तुझा अहवाल आईपुढे ठेवलास की ती लगेच स्वतःचा हिशेब मांडू लागेल. जेम्स वॉटसन यांचा संपूर्ण जनुकसंच २००७ साली वाचला गेला तेव्हा बाकी सर्व जाहीर करू दिले, फक्त एपीओईचा निकाल मला सांगू नका, असे त्यांनी बजावले होते. डीएनएची रचना उलगडणाऱ्या माणसाला जो हक्क हवासा वाटला तो तुझ्या आईलाही आहे. तिने विचारले तर खोटे बोलू नकोस. न विचारता सांगू नकोस. रक्तातल्या कोलेस्टेरॉलचे मात्र उलट आहे. बाबांचा आजार आणि तुझा आकडा भावाला याच आठवड्यात सांग आणि त्याला तपासणीला पाठव, कारण त्याच्यासाठी त्या माहितीवर लगेच उपाय आहे.

टीएसएच आणि लायपोप्रोटीन-ए यांचे अहवाल आले की मला कळव. औषध सुरू झाले तर सहा ते बारा आठवड्यांनी एलडीएल पुन्हा मोजतात. तो कागदही पाठव. आणि आईला घेऊन एकदा कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन ये. गेल्या दिवाळीला ती माझ्याशी बोलताना सारखी डावा कान पुढे करत होती.

कळावे,
तुझी जुनी शिक्षिका