अपिलाचा निकाल येईपर्यंत मुदत थांबत नाही

प्रश्न इंग्लंडमधल्या एका वाचक ताईंचा. गोदामात टीम लीडर, नोकरी साडेतीन वर्षं. फेब्रुवारीत कंपनीनं न विचारता पद आणि पगार दोन्ही खाली आणले. जूनमध्ये तक्रारीची सुनावणी झाली ती ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच मॅनेजरपुढे, आणि सोबत सहकारी नेऊ दिला नाही. शेवटी 'वैयक्तिक कारणांमुळे' असं लिहून राजीनामा, शेवटचा दिवस ३१ जुलै २०२५. तक्रारीवरचं अपील कंपनीकडे पडून आहे. निकाल आल्यावर दावा करू का?

नाही! असे प्रश्न सतत येतात, आणि बहुतेक मुदत उलटल्यावरच. राजीनामा द्यायला भाग पाडणं ही बडतर्फीच ठरू शकते, अन्यायकारक बडतर्फीच्या दाव्यासाठीची दोन वर्षांच्या नोकरीची अटही तुम्ही पार केली आहे. त्यात वेळ घालवत नाही. सगळं अडतं एम्प्लॉयमेंट राइट्स अ‍ॅक्ट, १९९६ च्या कलम १११ वर: नोकरीच्या शेवटच्या दिवसापासून एक दिवस कमी तीन महिने. म्हणजे ३० ऑक्टोबर. कंपनीतलं अपील चालू असलं तरी ही मुदत पुढे सरकत नाही. 'मला माहीत नव्हतं' हे कारण ट्रायब्युनल (नोकरीचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण) क्वचितच ऐकून घेतं.

दावा थेट लावता येत नाही. आधी एकासकडे (Acas, नोकरीतले वाद मिटवायला मदत करणारी सरकारी संस्था) अर्ली कन्सिलिएशनची, म्हणजे दाव्याआधीच्या समेटाची, नोंद करा. ऑनलाइन होते, फुकट असते. ती ३० तारखेच्या आत व्हायला हवी, दिवाळी आटोपल्यावर बघू म्हणू नका. मालक म्हणून पेस्लिपवरचं नाव लिहा, गोदामाच्या पाटीवरचं नव्हे. पुष्कळदा पगार देणारी एजन्सी वेगळीच निघते. समेट झाला नाही तर सर्टिफिकेट येतं. ते हाती आल्यापासून एका महिन्यात ईटी-वन, म्हणजे ट्रायब्युनलमधल्या दाव्याचा फॉर्म भरायचा, त्यावर सर्टिफिकेटचा 'आर'पासून सुरू होणारा नंबर टाकून. नंबर नसेल तर फॉर्म परत येतो. पुढे सुनावणीला वर्ष-दीड वर्षही लागेल. तारखा लांबवण्याची मुभा ट्रायब्युनलला आहे, तुम्हाला एका दिवसाचीही नाही.

सुनावणी अन्यायाची होती, हे खरं. सहकारी किंवा युनियनचा माणूस सोबत नेण्याचा हक्क कायद्यानं दिलेला आहे. तो नाकारल्याचा वेगळा दावा मात्र मुदतीबाहेर गेला. तसाही तो जास्तीत जास्त दोन आठवड्यांच्या पगाराचा. एकासची आचारसंहिता विनाकारण धाब्यावर बसवली असेल, तर जिंकल्यावर भरपाई २५ टक्क्यांपर्यंत वाढू शकते. पण नुसत्या सदोष सुनावणीवर विसंबू नका. मुख्य मुद्दा पगारकपातीचाच: तो करारभंग, आणि त्यामुळेच तुम्ही नोकरी सोडली, हे दाखवावं लागेल.

इथेच तुम्ही स्वतःची अडचण केलीत. राजीनाम्यात 'वैयक्तिक कारणांमुळे' असं का लिहिलंत? त्यानं दावा आपोआप पडत नाही, पण कंपनीचा वकील पहिलं बोट त्यावरच ठेवेल. फेब्रुवारी ते जुलै काम करत राहिलात, म्हणजे बदल मान्य केलात, असंही म्हणतील. त्यावर तुमची लेखी तक्रार कामी येईल. ती कपातीनंतर किती दिवसांनी दिलीत, यावर बरंच ठरेल. त्या काळातले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, ईमेल, जानेवारी आणि मार्चच्या पेस्लिप तारखेनुसार लावून ठेवा. कंपनीचा ईमेल बंद झाला असेल तर आजच सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट, म्हणजे कंपनीकडे असलेली तुमच्याबद्दलची माहिती देण्याची मागणी, पाठवा. उत्तर द्यायला त्यांना साधारण एक महिना असतो.