प्राथमिक आरोग्य केंद्राच्या गर्दीत लोककेंद्रित परिचर्या खरोखर जमते का?

आपण जीएनएमच्या (परिचारिका पदविका अभ्यासक्रमाच्या) अंतिम वर्षाला आहात, ग्रामीण अनुभवासाठी दिंडोरी तालुक्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आपल्याला पाठवले आहे, आणि वर्गात शिकलेली लोककेंद्रित परिचर्या ओपीडीच्या रांगेत व रजिस्टरांच्या ढिगात कशी करायची, शिवाय प्रात्यक्षिक वहीत ती कशी लिहायची, असे आपण विचारले आहे. नाशिक जिल्ह्यात आधी आरोग्य सेविका आणि नंतर आरोग्य सहायिका म्हणून मी काम केले आहे, त्या आधारे उत्तर देते.

जमते, परंतु गोड बोलणे म्हणजे लोककेंद्रित परिचर्या, असा जो समज अनेक विद्यार्थिनींचा असतो, तो आधी बाजूला ठेवावा. आपण सांगितलेला उपचार त्या माणसाच्या दिवसात, घरात आणि हंगामात बसतो का, हे विचारून घेणे आणि बसत नसेल तर वैद्यकीय नियमांच्या चौकटीत त्याची मांडणी बदलून देणे, हे खरे काम आहे.

आपल्याच तालुक्यातील उदाहरण घ्या. द्राक्षवेलींची एप्रिलमधील खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी या काळात सुरगाणा आणि पेठकडील कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. त्यांतील गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून लोहाची रोज एक गोळी, अशा १८० गोळ्या आणि सोबत कॅल्शियम द्यावे लागते. दोन्ही गोळ्या एकत्र घेतल्या तर लोह नीट शोषले जात नाही आणि चहाबरोबर घेतली तरी तेच होते. ही बाई पहाटे उठून स्वयंपाक उरकते, घोटभर चहा घेऊन मुकादमाच्या गाडीत बसते आणि गोळी घेतलीच तर त्या चहाबरोबर घेते. तिला ‘गोळ्या नियमित घ्या’ असे दहादा बजावून काही होत नाही. कॅल्शियम सकाळच्या खाण्याबरोबर आणि बागेतल्या दुपारच्या भाकरीबरोबर, लोहाची गोळी रात्री निजताना, एवढे तिच्याच तोंडून ठरवून घ्यावे. शौचाला काळे होईल, ते रक्त नव्हे, हे गोळ्या हातात देतानाच सांगावे, कारण घाबरून गोळ्या बंद करणाऱ्या बायका थोड्या नसतात, आणि पुन्हा आल्यावर ‘घेते ना सिस्टर’ असेच त्या म्हणतात. म्हणून ‘गोळ्या घेता का?’ असे न विचारता ‘पाकिटात किती उरल्या?’ असे विचारावे.

दुसरी गोष्ट बाळंतपणाची. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत आहे. सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरी गेली, की सासरच्या उपकेंद्राच्या दृष्टीने ती ‘बाहेरगावी’ होते आणि माहेरच्या उपकेंद्राच्या यादीत ती नसतेच. नेमक्या जोखमीच्या आठवड्यांत ती कोणाचीच राहत नाही. माता व बाल संरक्षण कार्ड तिच्या पिशवीत आहे याची खात्री करणे, माहेरच्या आशाताईंना फोन करून तिचे नाव, तारीख आणि हिमोग्लोबिन कळवणे, हे काम कोणत्याही रकान्यात मोजले जात नाही. माझ्या मते मात्र संपूर्ण गरोदरपणातील सेवेत याहून मोलाचे काम क्वचितच असेल. दवाखान्यात प्रसूती झाल्यास आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जातात. माहेरी निरोपच पोचला नसेल तर त्यांनी जायचे कोणाकडे?

वेळेची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. निकषानुसार आदिवासी भागात ३,००० आणि सपाटीवर ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असते. प्रत्यक्षात एखादे पद रिक्त असले की एकाच सेविकेवर दोघींचा भार पडतो. तरीही काही वेळ कामातच दडलेला असतो. चालत आलेल्या माणसाचा रक्तदाब लगेच मोजू नये, पाच मिनिटे शांत बसवून, हाताला आधार देऊन, न बोलता मोजावा, हा नियमच आहे. त्या पाच मिनिटांत त्याचे जुने केसपेपर वाचावेत. मागच्या महिन्यात तो का आला नाही, हे अनेकदा तिथेच कळते, आणि मग मोजणी झाल्यावर विचारायचा प्रश्न नेमका होतो.

प्राथमिक आरोग्यसेवेवरील अल्मा-आटा येथील आंतरराष्ट्रीय परिषदेच्या १९७८ च्या जाहीरनाम्याने आपल्या आरोग्यसेवेच्या नियोजनात सहभागी होणे हा लोकांचा हक्कही मानला आणि कर्तव्यही. गावपातळीवर त्याचा अर्थ बराच साधा असतो. अंगणवाडीतील लसीकरणाचे सत्र आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवायचे की नाही, मजुरीला जाणाऱ्या आया कोणत्या वेळी येऊ शकतील, हे गावातल्या बायकांना विचारून ठरवावे. घरातील निर्णय सासूबाई घेत असतील तर गृहभेटीत त्यांनाही बसवून घ्यावे. तथापि कुटुंबनियोजनासारखा विषय असेल तर सुनेशी एकटीने बोलण्याची सोय आधी करावी. सर्वांसमोर विचारलेल्या प्रश्नाला ती खरे उत्तर देणार नाही.

आता प्रात्यक्षिक वहीविषयी. ‘समुपदेशन केले’, ‘आरोग्य शिक्षण दिले’ ही वाक्ये शक्यतो लिहूच नका. त्यावरून पुढच्या परिचारिकेला काहीही समजत नाही. बाई स्वतः काय म्हणाली, तिने काय मान्य केले, काय नाकारले आणि पुढच्या भेटीत काय पाहायचे, हे लिहा. उदाहरणार्थ: ‘गोळीने मळमळते म्हणून आठ दिवस बंद. रात्री निजताना घेण्यास तयार. अमावास्येनंतर सुरगाण्याला परतणार; गोळ्या सोबत दिल्या, तिकडच्या उपकेंद्राला कळवले. पुढील भेटीत उरलेल्या गोळ्या मोजणे आणि हिमोग्लोबिन.’ तपासणाऱ्या बाईंनी रकान्यातले ठरावीक शब्दच हवेत असा आग्रह धरला, तर ते वर लिहून ही नोंद त्याखाली ठेवा.