जैसलमेरला पहिल्यांदा जाताय? किल्ला घाईत उरकू नका

पहिली सकाळ पूर्ण किल्ल्यालाच द्या. रावळ जैसलने ११५६ मध्ये वसवलेल्या या किल्ल्यात आजही लोक राहतात. गल्ल्यांतल्या भिंतींवर गणपती आणि खाली लग्नाचं आमंत्रण रंगवलेलं दिसेल, तिथे जरूर थांबा. आतली जैन मंदिरं दुपारच्या आधी गाठा. मंदिरांत जायचंय म्हणून चामड्याचा पट्टा, पाकीट हॉटेलवरच ठेवा. पटवों की हवेली एक नाही, पाच आहेत. झरोक्यांखालचं कोरीवकाम मान वर करून निवांत बघा, मला तरी त्याचा कंटाळा येत नाही.

सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांकडे जाताना कुलधरा हे ओसाड पडलेलं गाव वाटेतच लागतं. पण समला संध्याकाळी जीपचा गोंगाट फार. शांतता हवी असेल तर सरळ खुहडी गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांकडे जा. गडीसर तलाव मात्र सूर्योदयालाच.