कमी बजेटमध्ये पक्ष्यांच्या फोटोग्राफीसाठी नवीन बॉडी घ्यावी, सुपरझूम घ्यावा की मोठी लेन्स?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की हातात एक जुना एन्ट्री लेव्हल डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा, आत आरसा असलेला कॅमेरा) आहे, त्याच्यासोबत आलेली १८-५५ किट लेन्स आहे, पक्ष्यांचे फोटो काढायची हौस लागलीय, पैसे फार नाहीत, आणि नवीन बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा), सुपरझूम कॅमेरा (लेन्स न निघणारा, प्रचंड झूमचा) की मोठी टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी लेन्स) ह्या तीन गोष्टींत गाडी अडकलीय. माझं मत आधीच सांगून टाकतो. बॉडीला हात लावू नका, सगळे पैसे लेन्समध्ये घाला, तीही सेकंड हँड, आणि घ्यायच्या आधी तिचं वजन बघा. वजनाचं कोणी बोलत नाही आणि तिथेच सगळे फसतात.

बॉडी का नको ते गणितानेच कळतं, अवघड नाहीये. चिमणी साधारण १५ सेंटिमीटर लांब. ती १० मीटरवर बसलीय आणि तुमच्याकडे ३०० एमएमची लेन्स आहे (हा आकडा म्हणजे फोकल लेंथ, जेवढा मोठा तेवढी पोच जास्त), तर सेन्सरवर ती पडते साडेचार मिलिमीटरची. एपीएस-सी सेन्सरची (एन्ट्री लेव्हल डीएसएलआरमध्ये असतो तो आकार) रुंदी साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास, २४ मेगापिक्सेलचा असेल तर त्यात आडवे ६००० पिक्सेल, म्हणजे चिमणीच्या वाट्याला आले साधारण साडेअकराशे पिक्सेल. मोबाइलवर दाखवायला, स्क्रीनवर बघायला एवढं व्यवस्थित पुरतं. तीच चिमणी तुमच्या ५५ एमएमला जेमतेम २०० पिक्सेलची, निव्वळ ठिपका. आता समजा बॉडी बदलून २४ चे ३२ मेगापिक्सेल केले, तर चिमणीच्या लांबीतले पिक्सेल वाढणार फक्त १५ टक्के, कारण मेगापिक्सेल हे लांबी गुणिले रुंदी असतात. आणि ५५ वरून ३०० ला गेलात की साडेपाच पट. पैसे कुठे घालायचे ते इथेच ठरतं.

ह्याच गणितात एक फुकटची गोष्ट पण आहे. १० मीटरऐवजी ५ मीटरवर पोचलात तर तुमची ३०० एमएम लेन्स ६०० चं काम करते, आणि तेही जास्त स्वच्छ, कारण मधली हवा निम्मी झाली. जवळ जायचं म्हणजे पक्ष्याच्या मागे धावायचं नाही. एका जागी खाली बसायचं, पाणी किंवा फळझाड असेल तिथे पाठीमागे झुडूप घेऊन शांत बसायचं, पक्षी आपणहून येतात, वीसेक मिनिटांनी तुम्ही तिथे आहात हे ते विसरतात. गाडीत बसून काच खाली करून काढलेले फोटो पायी चालत काढलेल्यांपेक्षा बऱ्याचदा चांगले येतात, कारण पक्षी उभ्या माणसाला जेवढे बिचकतात तेवढे थांबलेल्या गाडीला बिचकत नाहीत. अपवाद एकच, घरटं. घरट्याजवळ जवळ जायचा हा सगळा सल्ला रद्द, तिथून निघायचं.

आता लेन्स. सगळ्यात स्वस्त पायरी म्हणजे ५५-२५० किंवा ७०-३०० झूम. कॅनन असेल तर ईएफ-एस ५५-२५० आयएस एसटीएम, पावणेचारशे ग्रॅमची, प्लॅस्टिकची दिसते पण शार्प आहे आणि किमतीच्या मानाने खूपच चांगली. त्याच किमतीच्या आसपास ७५-३०० पण दिसेल आणि ३०० आकडा बघून मोह होईल, पण तिच्यात स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय, नावात आयएस किंवा व्हीआर) नाही आणि ३०० ला ती मऊ, म्हणजे कमी शार्प पडते, २५० ची घ्या. निकॉनवाल्यांसाठी इथे एक खड्डा आहे. एएफ-पी डीएक्स ७०-३०० व्हीआर ही लेन्स छान आहे, हलकी, फोकस पटकन आणि आवाज न करता, पण डी३१००, डी३२००, डी५१००, डी७०००, डी९० असल्या जुन्या बॉडींवर तिचा ऑटोफोकस चालतच नाही, आणि डी३३००, डी५३०० ला आधी फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) अपडेट करावं लागतं. तसल्या जुन्या बॉडीसाठी जुनी एएफ-एस ७०-३०० व्हीआर बघा. शिवाय निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींत फोकस मोटर नसते, त्यामुळे नावात फक्त एएफ असलेल्या जुन्या स्वस्त लेन्स त्यांच्यावर हाताने फोकस करायच्या. मान हलवणाऱ्या चिमणीवर हाताने फोकस, करून बघा एकदा, मग कळेल मी काय म्हणतोय.

ह्याच्या वरची पायरी ४०० एमएम. मला स्वतःला विचाराल तर कमी बजेटमध्ये खरी मजा इथे आहे. सिग्मा आणि टॅमरॉन (इतर कंपन्यांच्या कॅमेऱ्यांसाठी लेन्स बनवणारे) दोघांच्या १००-४०० आहेत, २०१७ च्या, दोन्ही सव्वा किलोच्या आत, दिवसभर हातात धरून फिरता येतं. कॅननवाल्यांना आणखी एक पर्याय म्हणजे ईएफ ४०० एफ ५.६ (एफचा आकडा जेवढा मोठा तेवढा आत येणारा प्रकाश कमी), ही १९९३ ची प्राइम, म्हणजे झूम न होणारी, आता बनत नाही, स्टॅबिलायझेशन नाही, साडेतीन मीटरच्या आत फोकस होत नाही, आणि तरी उडणाऱ्या पक्ष्यांसाठी लोक अजून शोधून शोधून घेतात कारण सव्वा किलोची आहे आणि फोकस झटकन पकडते. उडणाऱ्या पक्ष्याला १/२००० सेकंदापेक्षा वेगवान शटर लागतोच, तिथे स्टॅबिलायझेशन असलं काय नसलं काय. हे नवीन लोकांच्या लक्षात येत नाही, स्टॅबिलायझेशन तुमचा हात थांबवतं, पक्षी थांबवत नाही. बसलेल्या बगळ्याला १/२५० पण चालेल, पण वटवट्यासारखा चुळबुळ्या पक्षी असेल तर बसलेला असला तरी १/१००० लागतो.

मग १५०-६००. सगळ्यांना हीच हवी असते आणि पोच खरंच जबरदस्त आहे. टॅमरॉनची पहिली २०१३ च्या शेवटी जाहीर झाली, त्यानंतर सिग्माच्या दोन आल्या, आणि त्यामुळेच ६०० एमएम ही गोष्ट सामान्य माणसाच्या आवाक्यात आली, त्याआधी ६०० म्हणजे प्रोफेशनल प्राइमच. आज ह्या सेकंड हँड भरपूर मिळतात, आणि का मिळतात ह्याचा जरा विचार करा. सिग्माची कंटेम्पररी १.९ किलोची, स्पोर्ट २.८ किलोच्या वर, निकॉनची २००-५०० एफ ५.६ पण २.३ किलोची. वर बॉडी. लोक हौसेने घेतात, पहिले काही रविवार नेतात, मग खांदा दुखतो आणि लेन्स कपाटात जाते. कपाटातल्या ६०० पेक्षा गळ्यातली ३०० जास्त पक्षी आणते. मी स्वतः सिग्मा कंटेम्पररी वापरतो आणि खूश आहे, पण मी एका जागी बसणारा आहे, बीनबॅगवर (दाणे भरलेल्या छोट्या पिशवीवर) लेन्स ठेवून. तुम्ही चार-पाच तास चालणारे असाल तर ४०० वरच थांबा. आणि ६०० घेतली म्हणून लांबचा पक्षी शार्प येईल असं पण नाही, दुपारच्या उन्हात तापलेल्या जमिनीवरून किंवा पाण्यावरून १०० मीटरवरचं बदक काढलंत तर मधल्या हवेच्या लहरींनी ते थरथरलेलं येणार, त्यावर जगातली कुठलीच लेन्स इलाज नाही, सकाळी लवकर जा.

६०० च्या टोकाला ह्या झूम एफ ६.३ ला उघडतात, ५.६ पेक्षा एक तृतीयांश स्टॉप कमी प्रकाश (एक पूर्ण स्टॉप गेला म्हणजे प्रकाश निम्मा). कागदावर फरक छोटा आहे, पण बऱ्याच जुन्या डीएसएलआरचा ऑटोफोकस ५.६ धरून बनवलेला असतो, चालतो, पण सावलीत चाचपडतो. अशा वेळी मधला फोकस पॉइंटच वापरा. आणि १.४ चा टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसून पोच १.४ पट करणारा) जोडायचा विचार मनात आला तर तिथेच सोडा, एक पूर्ण स्टॉप प्रकाश जातो, ६.३ ची झाली ९, एन्ट्री लेव्हल बॉडीचा फोकस तिथे आशा सोडतो.

अजून एक, जे दुकानात कोणी सांगत नाही. स्वस्त डीएसएलआरमध्ये फोकस मायक्रो अ‍ॅडजस्टमेंट (लेन्सचा फोकस बारीक जुळवायची सेटिंग) नसते. म्हणजे लेन्स आणि बॉडी दोन्ही चांगल्या असूनही फोकस थोडा पुढे किंवा मागे पडू शकतो, आणि माणूस वर्षभर हाताला दोष देत बसतो. तपासायला सोपं आहे, स्थिर वस्तूचा एक फोटो व्ह्यूफाइंडरमधून आणि एक लाइव्ह व्ह्यूमधून (मागच्या स्क्रीनवर बघून) काढा, मोठं करून बघा, लाइव्ह व्ह्यूचा सतत जास्त शार्प येत असेल तर गडबड आहे. सिग्माच्या ह्या लेन्स यूएसबी डॉकने आणि टॅमरॉनची जी२ (१५०-६०० ची दुसरी आवृत्ती) तिच्या टॅप-इन कन्सोलने घरी बसून सुधारता येते. टॅमरॉनच्या पहिल्या १५०-६०० ला ती सोय नाही, म्हणून थोडे जास्त पैसे घालून जी२ घेतलेली बरी.

सुपरझूमबद्दल लोक नाक मुरडतात, मी नाही मुरडणार. निकॉन पी९०० (२०१५) २००० एमएमपर्यंत जातो असं लिहितात, ते फुल फ्रेमच्या (एपीएस-सीपेक्षा मोठ्या सेन्सरच्या) हिशोबात, खरी फोकल लेंथ ३५७ एमएमच आहे, बाकी सगळी करामत छोट्या सेन्सरची. तो सेन्सर तुमच्या एपीएस-सीच्या साधारण तेराव्या भागाएवढा. त्यामुळे भर उन्हात फांदीवर बसलेली घार एकदम झकास, आणि ढगाळ सकाळी झाडीतला छोटा पक्षी म्हणजे जलरंगाचं चित्र. उडते पक्षी तर विसराच, फोकस लागेपर्यंत पक्षी फ्रेमबाहेर. पी९०० मध्ये रॉ (सेन्सरची कच्ची फाइल, नंतर जास्त सुधारता येणारी) पण नाही, ते २०२० च्या पी९५० मध्ये आलं, त्यामुळे घ्यायचाच तर ९५०. तुम्हाला पक्षी ओळखायचेत, यादी करायचीय, पुरावा म्हणून फोटो हवाय, तर हा कॅमेरा मोठ्या लेन्सपेक्षा जास्त उपयोगी पडेल हे मी मनापासून सांगतो. पिसांचं टेक्स्चर, मागचा धुरकट हिरवा पडदा, असले फोटो बघून हौस लागली असेल तर मात्र महिन्याभरात कंटाळाल.

मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत, पक्ष्याचा डोळा ओळखून फोकस धरणाऱ्या बॉडी आल्यात आणि ती गोष्ट खोटी नाही, खरंच आयुष्य सोपं होतं. कॅनन आर१० आणि आरएफ १००-४०० ही जोडी एकदम हलकी, लेन्स फक्त ६३५ ग्रॅम, पण ४०० ला एफ ८ आहे, म्हणजे प्रकाश ५.६ च्या निम्मा. आरएफ ६०० आणि ८०० एफ ११ तर ५.६ च्या पाव प्रकाशावर चालतात, ऊन असेल तर वजनाच्या मानाने कमाल, जंगलात निरुपयोगी, आणि अपर्चर बदलता येत नाही, कायम ११. मायक्रो फोर थर्ड्सवाल्यांची (एपीएस-सीपेक्षा लहान सेन्सरचे मिररलेस) ऑलिंपस ७५-३०० पण सव्वाचारशे ग्रॅमच्या आत आहे, फुल फ्रेमच्या हिशोबात ६०० सारखी पोच देते, प्रवासाला मस्त. पण हे सगळं बॉडी आणि लेन्स दोन्ही नवीन घेण्याचं प्रकरण आहे, तुमच्या बजेटचं नाही. पुढे कधी बॉडी बदलावीशी वाटली तर सेकंड हँडमध्ये कॅनन ७डी मार्क २ किंवा निकॉन डी५०० बघा, दोन्ही सेकंदाला १० फ्रेम काढतात आणि आजही पक्ष्यांसाठी तगडे आहेत.

सेकंड हँड लेन्स बघायला जाताना टॉर्च न्या. मागून टॉर्च मारून पुढून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, कितीही स्वस्त असली तरी परत द्या. थोडी धूळ असेल तर काही होत नाही, पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडा पण फोटोत दिसत नाही, उलट त्यावरून भाव पाडून घ्या. झूम पूर्ण फिरवा, कुठे अडकते का, खरखर येते का. दोन्ही टोकांना, जवळचं आणि लांबचं, फोकस लावून बघा. स्टॅबिलायझेशन चालू करून व्ह्यूफाइंडरमध्ये बघा, चित्र उडी मारत असेल तर गेलं ते. माउंटचे स्क्रू घासलेले असतील तर लेन्स उघडलेली आहे, कशासाठी ते विचारा. स्वतःची बॉडी आणि कार्ड घेऊन जा, फोटो घरी आणून मोठ्या स्क्रीनवर बघा आणि मगच पैसे द्या. जो विकणारा ह्याला नाही म्हणतो त्याच्याकडून घेऊच नका.

बाकी खर्च कमीच ठेवा. स्वस्त ट्रायपॉड घेऊ नका, हलतो, त्यापेक्षा मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) किंवा घरी शिवलेली बीनबॅग. यूव्ही फिल्टर लांब लेन्सवर शार्पनेस खातो, त्याऐवजी हूड लावून ठेवा. कार्ड बऱ्यापैकी वेगाचं घ्या, बर्स्ट (सलग भराभर फोटो) मारल्यावर कॅमेरा अडून बसला की नेमका खंड्या सूर मारतो. रॉमध्ये काढा, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० किंवा ३२०० ला घाबरू नका, नॉइज (फोटोतले दाणे) नंतर कमी करता येतो, हललेला फोटो सरळ करता येत नाही. डार्कटेबल हे रॉ फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, शिकायला वेळ लागतो पण काम होतं.

तुम्ही बॉडीचं नेमकं मॉडेल लिहिलेलं नाहीये. कमेंटमध्ये टाका, आणि चालणारे आहात की बसणारे तेही सांगा, मग ७०-३०० वर थांबायचं की थोडं थांबून पैसे साठवून १००-४०० घ्यायची ते सांगतो. निकॉन असेल तर तोपर्यंत कोणाला अ‍ॅडव्हान्स देऊ नका, एएफ-पीचं वर लिहिलंय ते आधी तपासा.