ट्रेकसाठी लायटर पुरेल की फेरो रॉडही घ्यावा?

ठाण्याहून हिवाळ्यात हिमालयात ट्रेकला जाताना, वाट चुकल्यास आग पेटवण्यासाठी लायटर पुरेसा आहे की फेरो रॉडही (पट्टीने घासल्यावर ठिणग्या देणारी धातूची कांडी) न्यावा, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते पहिले साधन साधा गॅस लायटरच असावा, कारण त्यातून थेट ज्योत मिळते. मात्र त्यातील ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास नीट वायुरूप होत नसल्याने तो सॅकमध्ये न ठेवता अंगाजवळच्या आतल्या खिशात ठेवावा. विमानाने जाणार असल्यास तो उतरल्यावरच विकत घ्यावा.

फेरो रॉड भिजला तरी पुसून लगेच वापरता येतो आणि त्याच्या ठिणग्या सुमारे ३००० अंश सेल्सिअसपर्यंत तापतात; पण ठिणगी म्हणजे ज्योत नव्हे, हे दुकानदार सहसा सांगत नाहीत. नव्या रॉडवरचा काळा लेप आधी खरवडून काढावा, ठिणगी पाडताना घासायची पट्टी स्थिर धरून रॉड मागे ओढावा, म्हणजे ठिणगी झेलून पेट घेण्यासाठी रचलेला कापूस उधळत नाही. कापसाला पेट्रोलियम जेली चोळून घट्ट झाकणाच्या डबीत भरावे. पेटवण्यापूर्वी बोळा पिंजून तंतू मोकळे केले नाहीत, तर ठिणगी त्यावर नुसतीच विझते. देवघरातला कापूरही सोबत असावा, तो ओलसर असला तरी पेटतो.

काडेपेटी आपल्याकडच्या दमट हवेत सादळते, म्हणून मी ती नेत नाही.

सराव घराच्या गच्चीवर, पाण्याची बादली जवळ ठेवून करावा. ठाण्याजवळचे येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग असल्याने तेथे आग पेटवण्यास मनाई आहे.