टँकच्या मॉडेलला रंग देऊन झाला, आता वेदरिंग (वापरून जुना झाल्याचा परिणाम) कसं करू? गंज किती दाखवू?

तुमचा १/३५ चा, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा, सेंच्युरियन टँक हिरवा रंगवून झालाय. वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग) आधी की पिगमेंट (धुळीसारखी रंगाची पूड) आधी, आणि गंज कुठे कुठे लावू, असं विचारलंय तुम्ही. पहिल्याचं उत्तर चार ओळींचं आहे, खाली देतो. दुसऱ्यावरून माझी एक जुनी मैत्री तुटता तुटता राहिलीय, म्हणून आधी गंज.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी पुणे हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचा सेंच्युरियन करायला घेतला. भारत-पाक युद्धातली बसंतरची लढाई, १६ डिसेंबर १९७१, परमवीर चक्र मिळालेले अरुण खेत्रपाल. वय २१, जन्म पुण्यातला. त्यांचा ‘फॅमागुस्ता’ नावाचा टँक कधीतरी करायचाच, हे माझं शाळेपासून ठरलेलं. दोन महिने खपलो. बाजूच्या पत्र्यांवर गंजाचे ओघळ, टरेटभर (तोफेच्या फिरत्या बुरुजावर) स्पंजने मारलेले टवके, इंधनाच्या झाकणांखाली काळे तेलकट डाग. परदेशी व्हिडिओंत बघितलं होतं तसं सगळं.

आमच्या बिल्डिंगीत तळमजल्यावर एक निवृत्त रिसालदार राहायचे. उमेदीची वर्षं त्यांनी सेंच्युरियन चालवलेला. मोठ्या कौतुकाने मॉडेल घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ फिरवून बघितलं आणि म्हणाले, “भंगारात काढलाय का?”

“नाही काका, लढाईतला आहे.”

“लढाईतला आहे म्हणूनच विचारतोय.”

मग त्यांनी माझी परेड घेतली. गाडी थांबली की आधी ट्रॅकचा (चाकांवरच्या लोखंडी पट्ट्याचा) ताण बघायचा, ग्रीस मारायचं, मग चहा. चार माणसांचा जीव ज्या लोखंडात, त्याला ते गंज चढू देतील? “आणि हे काळं काय?” मी म्हटलं, डिझेल सांडलंय. “पेट्रोलवर चालायचा तो!” मीटिओर इंजिन, पेट्रोलवरचं, हे मला तोंडपाठ होतं हो. तरी हाताने डिझेलचे डाग काढलेच.

गंज कुठे ते त्यांनीच बोट ठेवून दाखवलं. मागच्या दोन्ही मडगार्डवर सायलेन्सर असतात. ते तापून रंग जळतो, तिथे खरा गंज. ट्रॅक तपकिरी, पण जमिनीला घासणारा भाग चकचकीत. हॅचच्या (आत उतरायच्या झाकणांच्या) कडा आणि जिथून चढतात तिथला रंग बुटांनी गेलेला. “आणि धूळ कुठेय?” धूळ मी लावलीच नव्हती. नदीकाठच्या पंजाबी मातीतून चाललेला टँक आणि चाकं धुतल्यासारखी!

टवक्यांचा हिशोब तुम्हीच करा. मॉडेलवर १ मिमीचा टवका म्हणजे खऱ्या टँकवर साडेतीन सेंटीमीटर. माझ्या टरेटवर असे शंभरेक होते.

त्या रात्री रागारागाने टर्पेंटाइनने सगळं पुसायला बसलो आणि चाकांचे दोन आस तडकले. सांध्यात टर्पेंटाइन मुरलं की ताणाखालचं प्लॅस्टिक पिचतं. वॉश देतानाही हे लक्षात ठेवा, ब्रश निथळता नको.

आता तुमचा क्रम. अ‍ॅक्रिलिक रंग पूर्ण वाळू द्या, डेकल (नंबर-चिन्हांचे स्टिकर) लावा, वर चकचकीत वार्निश. त्यावर ऑइलचा वॉश, फक्त खाचांत आणि रिव्हेटभोवती. एक दिवस थांबा. मग मॅट वार्निश आणि सगळ्यात शेवटी पिगमेंट, खालून वर विरळ होत जाणारं. कॅमलच्या ट्यूबमधला बर्न्ट अंबर अर्धा तास पुठ्ठ्यावर ठेवून त्यातलं तेल शोषू दिलंत की झकास चालतो. पावसाळ्यात मॅट स्प्रे मारू नका, दमट हवेत पांढरा पडतो. अंगणातली माती चाळून लावायचा मोह होईल. अर्ध्या मिलिमीटरचा खडा या स्केलला पावणेदोन सेंटीमीटरचा धोंडा होतो.

खरा फॅमागुस्ता नगरला जपून ठेवलाय. टँक म्युझियमही तिथलंच, जरूर जा. पण आकार बघायला जा, रंग नाही. जपून ठेवलेले टँक पुन्हा पुन्हा रंगवतात.

एक राहिलं. तुमचा टँक जळून पडलेला दाखवायचा असेल तर वरचं गंजाचं सगळं रद्द. जळालेल्या पोलादावर थोड्याच दिवसांत नारिंगी गंज चढतो. ज्यांच्याशी मैत्री तुटता तुटता राहिली, ते आमचे मित्र याच कलमाखाली सुटू बघतात. एका प्रदर्शनात त्यांच्या नारिंगी पॅटन टँकभोवती गर्दी झाली आणि माझ्या धुळकट सेंच्युरियनला कोणी विचारलं नाही, तेव्हापासून “लोकांना गंज दिसलाच पाहिजे” हे त्यांचं पालुपद. मी खोदून विचारलं तर म्हणे, तो जळालेला पॅटन आहे. जळालेल्या टँकच्या चाकांवर रबर राहत नाही आणि टॉर्शन बार (चाकांना स्प्रिंगसारखे तोलणारे दांडे) नरम पडून गाडी खाली बसते. यांच्या पॅटनला चोवीस तास आधी शोरूममधून आणल्यासारखी काळीभोर रबरं आणि अँटेना ताठ. विचारा त्यांना.